सूझांची रेषा आणि यंत्रयुगातील माणूस

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची शाईने काढलेली शिरचित्रे प्रथमच पाहणारा भाविक वाचक बहुधा पुस्तक मिटून टाकील. डोळे कपाळावर चढलेले, दात करवतीच्या पात्यासारखे, मान जणू लोखंडी नळकांडे आणि गालांवर आडव्याउभ्या रेषांची जाळी. अंगातला कोट व गळ्यातला टाय मात्र नीटनेटका! देवाने आपल्या प्रतिरूपात घडविलेल्या मानवाची ही विटंबना तर नव्हे, असा प्रश्न सेमिनरीच्या दिवसांत मलाही पडला होता. आज त्याचे उत्तर मी वेगळे देतो.

सूझांचा जन्म १९२४ साली गोव्यातील साळगावचा. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने कृतज्ञतेने संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव त्यांना जोडले. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९४९ साली ते लंडनला गेले आणि २००२ साली मुंबईतच निवर्तले. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीपेक्षा तिच्या मंदिरांच्या भव्यतेने आणि क्रूसावरील घायाळ ख्रिस्ताने आपल्याला भारून टाकले, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. चेहऱ्यांत व मानेत बाण रुतलेली त्यांची माणसे पाहिली की संत सबास्तियन आठवतो. फरक इतकाच, की येथे हुतात्म्याच्या अंगावर सूट आहे. १९५५ सालच्या एका चित्रमालिकेला त्यांनी ‘आपल्या काळातील सहा सद्गृहस्थ’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. त्यातला उपरोध सांगण्याची गरज नाही.

यंत्र आणि मानवी देह यांची सांगड घालणारे सूझा पहिले नव्हेत. पहिल्या महायुद्धात लढून परतलेल्या फ्रेंच चित्रकार फेर्नां लेजे यांनी माणसाचे हातपाय गुळगुळीत नळ्यांसारखे रंगविले. त्यांच्या चित्रांत यंत्र आशेचे प्रतीक आहे. आसी येथील चर्चच्या दर्शनी भिंतीवर पवित्र मरियेचे मोझेक साकारणारे लेजे तेच! त्यांचा माणूस यंत्राशी मैत्री करतो. सूझांच्या माणसाच्या देहात मात्र यंत्र खिळ्यासारखे घुसले आहे. एकाच विषयाची ही दोन टोके आहेत, आणि मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

तरीही सूझांच्या मर्यादा झाकू नयेत. त्यांच्या संतापाची पुढे पुढे सवय झाली. स्त्रीदेह रेखाटताना त्यांची लेखणी पुष्कळदा निष्ठुर होते. आणि एक उणीव मला विशेष जाणवते. त्यांच्या बहुतेक शिरचित्रांत हात नाहीत. यंत्राने माणसाच्या मनाचे काय केले हे ते दाखवितात, श्रमणाऱ्या हातांचे काय झाले हे दाखवीत नाहीत.

आपल्या भाईंदरमध्ये हा प्रश्न दूरचा नाही. स्टीलची भांडी घडविणाऱ्या गाळ्यांत प्रेस मशीनपुढे दिवस काढणारी माणसे आपल्या शेजारीच राहतात. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी पुढे आलेल्या तळहातांत कधी एखादे बोट अर्धेच दिसते. त्या क्षणी ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द माझ्या ओठांवर जड होतात. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे, हा १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकातील पोप दुसरे जॉन पॉल यांचा आग्रह मला तेव्हा आठवतो.

सूझांची रेषा पट्टीने आखलेली नाही. ती कापते, जाड होते, अडखळते. चेहरा यंत्रवत झाला तरी तो रेखाटणारा हात जिवंत आहे, याची ती साक्ष देते. म्हणून ही चित्रे विटंबना नव्हेत. ती तक्रार आहेत. भक्तिचित्रांनी आपल्याला सांत्वन द्यावे हे योग्यच, पण कपाळावर डोळे चढलेला हा सद्गृहस्थही घटकाभर निरखावा. त्याच्या चेहऱ्यात आपलाच चेहरा दिसला, तर पुस्तक मिटण्याची घाई करू नये.