शब्द फोडून वस्तू कळते का?

विज्ञानाच्या तासाला परका शब्द आला की तो फोडून सांगण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. 'ॲटम' हा मूळ ग्रीक शब्द 'आटॉमॉस'. त्यातला 'आ' म्हणजे नाही आणि 'टॉम' म्हणजे कापणे. म्हणून ॲटम म्हणजे जो कापता येत नाही तो. मुलांना हे आवडते. अनोळखी शब्द एकदम ओळखीचा होतो आणि त्यातला 'आ' आपल्या 'अज्ञान', 'अशक्य' यांतल्या 'अ'चा सख्खा भाऊ निघतो. पण चार पानांनंतर त्याच पुस्तकात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन येतात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, जे कापताच येत नाही त्याचे हे भाग कुठून आले?" शब्दाची फोड बरोबर असते, पण वस्तूचे वर्णन चुकलेले असते. मग ही फोड वर्गात सांगावी की नाही, आणि सांगायची तर ती कशाचा पुरावा म्हणून सांगावी?

या प्रश्नावरचा एक फार जुना ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील प्लेटोचा 'क्रॅटिलस' हा संवाद पूर्णपणे नावांविषयी आहे. हर्मोजिनीस म्हणतो, नावे ही माणसांनी ठरवलेली सोय आहे. क्रॅटिलस म्हणतो, प्रत्येक वस्तूचे खरे नाव तिच्या स्वभावातूनच आलेले असते. या दोघांच्या मध्ये सॉक्रेटिस आहे. ग्रंथाचा मोठा भाग त्याने सांगितलेल्या शंभराहून अधिक व्युत्पत्तींनी व्यापला आहे. त्या त्याने गंभीरपणे सांगितल्या की थट्टेने, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपण शिक्षक म्हणून त्यांची पद्धत तपासू.

नकारार्थी 'आ'पुरतेच पाहू. पाताळाचा देव हेडीस. लोक हे नाव 'आइडेस', म्हणजे 'न दिसणारा', या शब्दाशी जोडतात आणि म्हणून त्याला घाबरतात, असे सॉक्रेटिस सांगतो. मग तो ही व्युत्पत्ती बाजूला सारतो आणि नाव 'जाणणे' या क्रियापदाकडे नेतो. या देवाला सर्व चांगल्या गोष्टी ठाऊक आहेत, म्हणून तो हेडीस! गंमत अशी, की ग्रीकमधले 'पाहणे' आणि 'जाणणे' हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. आपल्या 'विद्या' आणि 'वेद' या शब्दांतला 'विद्' तो हाच. म्हणजे धातू तोच ठेवून त्यातला नकार तेवढा काढून टाकला, आणि भीतीदायक देव ज्ञानी झाला. याच प्लेटोच्या 'फीडो' या दुसऱ्या संवादात मात्र हेडीस आणि 'अदृश्य' यांची सांगड पुन्हा हजर होते. जसा प्रसंग तशी व्युत्पत्ती!

'आलेथिया' म्हणजे सत्य. 'लेथे' म्हणजे विस्मरण, लपून राहणे; म्हणून जे लपलेले नाही ते सत्य, अशी या शब्दाची सर्वसाधारणपणे मान्य असलेली फोड आहे. 'क्रॅटिलस'मध्ये हा शब्द दुसऱ्याच जागी तोडला जातो आणि त्याचा अर्थ निघतो 'दैवी भटकंती'. कुऱ्हाड कुठे घालायची याला नियम नसला की कोणत्याही लाकडातून हवी ती मूर्ती निघते.

सॉक्रेटिसला हा दोष दिसत नव्हता असे नाही. शब्दांत वाटेल ती अक्षरे घालायची आणि काढायची मुभा असेल तर कोणतेही नाव कोणत्याही वस्तूला बसवता येईल, असे तो स्वतःच म्हणतो. जो सिद्धांत कधीच चुकू शकत नाही तो काहीच सांगत नाही, हे विज्ञानात आपण शिकवतो. त्याची ही जुनी आणि स्वच्छ कबुली आहे.

ग्रंथाचा मोठा दोष पुढे आहे. 'अग्नी', 'पाणी' आणि 'कुत्रा' यांचे ग्रीक शब्द फोडता येईनात, तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो की हे शब्द परक्यांचे असावेत, कारण शेजारच्या फ्रिजियन भाषेत ते थोड्या फरकाने असेच आहेत. आणि तो तिथेच थांबतो. पाणी म्हणजे ग्रीक 'हुडॉर', संस्कृत 'उदक'. कुत्रा म्हणजे ग्रीक 'कुऑन', संस्कृत 'श्वन्'. दोन भाषांतले साम्य ही चौकशीची सुरुवात असायला हवी होती, इथे ती चौकशी टाळण्याची सबब झाली. ते साम्य समान मूळ भाषेकडे बोट दाखवते हे विल्यम जोन्सने कलकत्त्याला १७८६ साली मांडले, आणि फ्रान्झ बॉपने १८१६ पासून त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

तुलनेने काय साधले ते आपल्या नकारावरच पाहता येते. नञ् समास शिकवताना आपण सांगतो, की व्यंजनापूर्वी 'अ' येतो आणि स्वरापूर्वी 'अन्': अज्ञान, पण अनुचित. ग्रीकमध्ये हाच नियम आहे. लॅटिनचा 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' ही त्याच कुटुंबातली भावंडे. हा नियम असल्यामुळे अपवाद बोलका होतो. 'एर्गॉन' म्हणजे काम. त्याचा नकार 'आनेर्गॉस' व्हायला हवा, पण होमरच्या काव्यात तो 'आएर्गॉस' आहे, म्हणजे काम न करणारा, आळशी. स्वरापूर्वी 'आन' का नाही? कारण 'एर्गॉन' पूर्वी 'वेर्गॉन' होता. इंग्रजी 'वर्क'मध्ये तो 'व' अजून आहे, आणि जुन्या ग्रीक शिलालेखांत त्यासाठी स्वतंत्र अक्षरही सापडते. 'व' उच्चारातून गेला, पण त्याची जागा नियमाने जपून ठेवली. इथे कोणी मनाने अक्षर घातलेले नाही. अपवाद दिसला, कारण सुचले आणि त्याला दुसरीकडून पुरावा मिळाला. याच 'आएर्गॉस'चे आखूड रूप 'आर्गॉस', आणि त्यावरून रॅले आणि रॅमसे यांनी १८९४ साली शोधलेल्या वायूला 'आरगॉन' हे नाव मिळाले.

प्रत्येक 'आ' नकाराचा नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. 'आडेल्फॉस' म्हणजे भाऊ. इथला 'आ' हा संस्कृत 'स'चा नातेवाईक आहे. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'स'चा बहुधा 'ह' होतो (सप्तचा 'हेप्टा' झाला तसा) आणि पुढे कधी कधी तोही गळतो. 'डेल्फुस' म्हणजे गर्भाशय. म्हणून आडेल्फॉस म्हणजे सहोदर. संस्कृतात 'सगर्भ्य' हा असाच घडलेला शब्द आहे. 'आ'चा हा 'एकत्र, समान' असा अर्थ सॉक्रेटिसने ओळखला होता, आणि 'आकोलूथॉस' म्हणजे एका वाटेने जाणारा, अनुयायी, हे त्याचे उदाहरण आजही बरोबर ठरते. पण लगेच तोच अर्थ तो 'अपोलो'वर लादतो आणि जास्तीच्या 'ल'साठी वेगळे कारण शोधतो, तेव्हा पुन्हा नियम सुटतो.

आपल्या वर्गातही हीच चूक होऊ शकते. 'ॲनोड' घ्या. 'हॉडॉस' म्हणजे वाट. ग्रीकमध्ये 'आनॉडॉस' असे दोन शब्द आहेत. एकात नकाराचा 'आन' आहे आणि त्याचा अर्थ 'जिथे वाट नाही असा'. दुसऱ्यात 'आना', म्हणजे वर, हा उपसर्ग आहे आणि त्याचा अर्थ 'वर जाणारी वाट'. अक्षरे तीच. शब्दाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी निर्णय होणार नाही. निर्णय होतो तो इतिहासातून: फॅरेडेने १८३४ साली विल्यम ह्यूवेल या विद्वानाच्या सल्ल्याने 'वरची वाट' आणि 'खालची वाट' या अर्थांनी ॲनोड आणि कॅथोड ही जोडी स्वीकारली. मराठीतही 'अनुदार'मध्ये अन् आहे, पण 'अनुवाद'मध्ये अनु आहे. आणि 'असुर' म्हणजे 'जो सुर नाही तो' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः वेदांत वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटले आहे, आणि इराणी परंपरेतला 'अहुर' हा त्याच शब्दाचा भाऊ. 'असुर'मधला 'अ' नकाराचा आहे अशा समजुतीतून 'सुर' हा शब्द नंतर घडला.

आता समजा व्युत्पत्ती निर्विवाद आहे. तरी वस्तूचे ज्ञान होते का? इथे 'क्रॅटिलस'चा शेवटचा भाग फार मोलाचा आहे. सॉक्रेटिस विचारतो, नाव देणाराच सुरुवातीला चुकला असेल तर? भूमितीच्या आकृतीत पहिलीच लहानशी चूक नजरेआड झाली की पुढचे सगळे टप्पे एकमेकांशी जुळतात, पण उत्तर चुकते. नावांचेही तसेच. म्हणून वस्तू समजून घ्यायची तर नावावरून नव्हे, वस्तूवरूनच, असा त्याचा निष्कर्ष आहे. आधीच्या शंभर व्युत्पत्ती विसरल्या तरी चालेल, हा निष्कर्ष मात्र विसरू नये.

रसायनशास्त्राने या निष्कर्षाला भरपूर दाखले दिले आहेत. लव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ साली हवेतल्या एका वायूला 'अझोट' म्हटले: 'आ' नकाराचा, 'झोए' म्हणजे जीवन. या वायूत प्राणी गुदमरतो, एवढे निरीक्षण खरे होते. पण गुदमरवणारे इतर वायूही होते, म्हणून शाप्तालने १७९० साली 'नायट्रोजन' हे नाव सुचवले. पुढे कळले की प्रथिने आणि डी.एन.ए. यांत नायट्रोजन असतोच. ज्याला 'निर्जीव' म्हटले, त्याच्याशिवाय जीवन नाही! फ्रेंच भाषेत मात्र त्याचे नाव आजही 'अझोट'च आहे, आणि त्यामुळे फ्रेंच रसायनशास्त्राचे काहीही अडलेले नाही. 'आळशी' आरगॉनलाही हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी २००० साली अतिशय कमी तापमानात संयुगात बांधून दाखवले. ॲटमचा नकार थॉमसनच्या इलेक्ट्रॉनने १८९७ साली डळमळीत केला, आणि १९३८ साली युरेनियमच्या केंद्रकाचेच दोन तुकडे झाले.

नकारार्थी नाव म्हणजे नाव देणाऱ्याच्या ज्ञानाची त्या दिवशीची हद्द. 'हे कापता येत नाही' याचा अर्थ अनेकदा 'आम्हाला अजून कापता आलेले नाही' एवढाच असतो. मराठीतला 'अणू' या बाबतीत सुदैवी. त्याचा अर्थ फक्त 'अतिशय सूक्ष्म'. त्याने नकाराचा दावा केलाच नाही, म्हणून त्याला माघारही घ्यावी लागली नाही.

तेव्हा व्युत्पत्ती वर्गातून हद्दपार करण्याचे कारण नाही. ती व्याख्येच्या जागी बसवू नये, इतकेच. फळ्यावर शब्द फोडला की मुलांना दोन प्रश्न विचारावेत. ही फोड बरोबर आहे हे आपल्याला शब्दाबाहेरच्या कोणत्या पुराव्यावरून कळले? आणि नाव देणाऱ्याला त्या वेळी काय माहीत नव्हते? पहिल्या प्रश्नातून भाषेची शिस्त कळेल, दुसऱ्यातून विज्ञानाचा इतिहास. 'सर, हे भाग कुठून आले?' असे विचारणाऱ्या मुलाला मग गप्प बसवावे लागणार नाही. त्याचा प्रश्न हाच पुढच्या धड्याची सुरुवात ठरेल.