अपामार्गसूक्तांचे काव्य

अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील १७ ते १९ ही अपामार्गाची सूक्ते ‘जादूटोणा’ म्हणून बाजूस सारली जातात. हे रसिकतेचे लक्षण नव्हे. अपामार्ग म्हणजे श्रावणात दूर्वांबरोबर पूजेस येणारा आपला आघाडा. त्याच्या नावातच पुसून टाकण्याचा धातू आहे. त्यावर श्लेष साधून सूक्तकार भूक, तहान, अनपत्यता सारे पुसून टाकण्याची विनवणी करतो. आघाड्याची फळे दांड्यावर उलटी वळलेली असतात. त्यांच्याप्रमाणे शापही उलटावेत, अशी कल्पना सातव्या कांडात आहे. झाड इतक्या जवळून पाहणारा मनुष्य कवीच होय.

तरीही एक उणीव सलते. या काव्याला शत्रू लागतो. करणी कुणीतरी केली, हे गृहीतच असते. असल्या संशयापायी निरपराध स्त्रिया चेटकिणी ठरविल्या गेल्या, आणि महाराष्ट्रास २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मीठमोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकणारी आजी मात्र दृष्ट कुणाची, हे सहसा विचारीत नाही. परभाषी शेजारात बिऱ्हाड थाटणाऱ्या आपणांस हे न विचारणेच अधिक मोलाचे वाटावे.