बीभत्साचे आकर्षण आणि जुगुप्सा : अजिंठ्याचे सतरावे लेणे व ‘तुंबाड’

मराठी समीक्षेने भयपटाकडे गांभीर्याने पाहण्याचे बहुधा टाळले आहे. नारायण धारपांना वाचक अमाप लाभले, समीक्षक मात्र मोजकेच. त्यातही जो चित्रपट रक्तमांसाचे उघड दर्शन घडवितो आणि तरीही कलाकृती म्हणून मान्यता मागतो, त्याच्यापुढे जाणकार प्रेक्षकही दुभंगतो. दृश्यरचनेचे कौतुक वाटते आणि त्याच क्षणी मान वळवावीशी वाटते. हा दुभंग रसिकतेतील उणीव मानावा की त्या कलाप्रकाराचा स्वभाव, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भरताने बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा मानला व त्याचे भेद सांगितले. रुधिरादींमुळे निर्माण होणारा तो क्षोभज, विष्ठा व कृमी यांमुळे होणारा तो उद्वेगी. मात्र त्याच नाट्यशास्त्रात युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असाही दंडक आहे. रसाला मान्यता आहे, दर्शनाला मर्यादा आहे. तेव्हा ही द्विधा मन:स्थिती काही चित्रपटाबरोबर आलेली नाही.

भित्तिचित्रकाराने हा दंडक पाळला नाही. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याचे सतरावे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक हरिषेणाच्या मांडलिकाने कोरविलेले. या मांडलिकाचे राज्य म्हणजे ऋषीक, अर्थात आजचा खानदेश, असे वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन आहे. या लेण्यात सिंहल-अवदान चितारलेले आहे. मोहक स्त्रीरूपे घेऊन व्यापाऱ्यांना भुलविणाऱ्या राक्षसी येथे माणसे खाताना दिसतात. याच लेण्यातील सुतसोम-जातकात नरमांसाची चटक लागलेला सौदास राजा आहे आणि त्याचे स्वयंपाकघरही आहे. राक्षसींपेक्षा हे स्वयंपाकघर अधिक अस्वस्थ करते, कारण तेथे कोणी अक्राळविक्राळ नाही. रोजचे चिरणे-शिजविणे चालू आहे, केवळ पदार्थ तेवढा वेगळा. पर्यटक मात्र पद्मपाणीपुढे रेंगाळतो आणि येथून भराभर पुढे सरकतो.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे मर्मही नेमके स्वयंपाकघरात सापडते. कोकणातील एका मराठी कुटुंबाची ही १९१८ ते १९४७ या काळातील कथा. हस्तर हा देवीचा पहिला पुत्र. त्याला सोने मिळाले, अन्न नाकारले गेले. विनायक त्याला कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवितो आणि त्याच्या लंगोटातील मुद्रा पळवितो. रोज पोळीसाठी मळली जाणारी कणीक येथे सापळा होते. भुकेल्याची भूक वापरून धन मिळविणे, हा या कुटुंबाचा धंदाच आहे. देहातून झाड उगवलेली, मरण न येणारी आजी पाहताना जी किळस येते, ती तिच्या कुजलेल्या देहाची कमी आणि तिच्याकडून आधी खजिन्याचा ठावठिकाणा काढून घेणाऱ्या नातवाची अधिक. क्षोभज बीभत्स असा नैतिक होतो.

तथापि चित्रपटाविषयीची शंका येथेच उद्भवते. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने हस्तरचे ते मांसल, गर्भाशयासारखे दालन इतके देखणे केले आहे की विनायकाप्रमाणे प्रेक्षकालाही पुन्हा खाली उतरण्याचा मोह व्हावा. लोभाची निर्भर्त्सना करणारी कृती प्रेक्षकाच्या दृष्टीचा लोभ वाढविते. शेवटी अनेक हस्तर एकदम अवतरतात तेव्हा भय उणावते आणि करामत उरते, हेही नमूद करणे भाग आहे.

पास्कल लोजिए यांच्या ‘मार्टर्स’ (२००८) या फ्रेंच चित्रपटात हा पेच कमालीचा तीव्र होतो. मरणोत्तर सत्य कळावे म्हणून एक मंडळ तरुणींना यातना देते आणि अखेरीस एकीची जिवंतपणी कातडी सोलते. यातना पाहून ज्ञान मिळते, या समजुतीवर दिग्दर्शक आघात करतो, परंतु तो करण्यासाठी प्रेक्षकालाही त्याच मंडळात बसवितो. हा युक्तिवाद प्रामाणिक असला तरी त्याची किंमत पडद्यावरील स्त्रीदेह मोजतो. ‘तुंबाड’ला जी सवलत देता येते ती येथे निःशंकपणे देता येत नाही.

मराठी रंगभूमीवर याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १९७० मध्ये श्रीराम लागू यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ सादर केले, तेव्हा लुगड्यावरील गर्भपाताच्या तांबड्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि तो तांबडा समजावा, असे प्रेक्षकांना आधीच सांगण्यात आले. तांबडा रंग प्रेक्षकानेच भरला.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत चित्रपट-आस्वाद शिकविताना ‘तुंबाड’ दाखवावा की नाही, हा प्रश्न यापुढेही निघेल. दाखवावयाचा असल्यास त्याआधी विद्यार्थ्यांना सतराव्या लेण्यातील सौदासाच्या स्वयंपाकघरासमोर थोडा वेळ थांबवावे. सहलीच्या बसेस तेथे नाहीतरी जातातच.