मंगळावरून आलेला फोन

उम्म अल कुवैन येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका समाजबांधवाने आपली मराठी विज्ञानकथा आमच्याकडे अभिप्रायासाठी धाडली आहे. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. कथेविषयी मात्र मोकळेपणाने लिहितो. आपल्या मुलाबाळांपैकी कोणी आज मराठीत अवकाशावर लिहिते हे नवलच, पण नुसती पाठ थोपटून त्यांचे भले होणार नाही.

आरंभ सुरेख आहे. खाडीतली तिवरे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, शमाल वारा सुटला की दाराच्या फटीतून घरात शिरणारी बारीक वाळू, हे सारे पाहिलेल्या माणसाचे लिहिणे आहे. तिथला तरुण मंगळावर जातो, हेही पटते. आमिरातीचे ‘अल अमल’ यान जुलै 2020 मध्ये जपानमधून सुटले आणि 9 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. तिथले हवामान आणि धूळ पाहणे हेच त्याचे काम.

पण लेखकाने शमाल वारा जसाच्या तसा मंगळावर नेला आणि त्याने गाडी उलथवली. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथला ताशी 100 किलोमीटरचा वारा अंगाला आपल्याकडच्या ताशी 13 किलोमीटरच्या झुळुकीएवढाच लागेल. अँडी वीअर यांच्या ‘द मार्शियन’ या गाजलेल्या कादंबरीचा आरंभही अशाच वादळाने होतो. ती चूक जाणूनबुजून केल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. खरे भय धुळीचे. 2018 च्या जूनमध्ये धुळीने सूर्य झाकला आणि ‘ऑपर्च्युनिटी’ ही गाडी विजेवाचून कायमची मुकी झाली. हळूहळू अंधारत जाणारी खोली आणि संपत चाललेली बॅटरी, याची भीती गाडी उलथण्याहून मोठी नाही का?

आता फोन. नायक मंगळावरून लोदला आईशी बोलतो. आई विचारते, “जेवलास का रे?” आणि तो लगेच म्हणतो, “जेवलो, आई.” वाचताना आमचेही डोळे पाणावले, तरी हा प्रसंग आहे तसा उभा राहत नाही. ‘अल अमल’ पोहोचले तेव्हा तिथून इथे संदेश यायला 11 मिनिटे लागत होती. गती कमी करण्यासाठी इंजिने 27 मिनिटे पेटवायची होती. ती पेटल्याचे दुबईत कळले तेव्हा ती 11 मिनिटे जळत होती. काही बिघडले असते तर कोणाचाही हात पोहोचला नसता. त्या हिशेबाने आईच्या प्रश्नाचे उत्तर 22 मिनिटांनी येईल. म्हातारीने विचारावे, चहा ठेवावा, प्यावा, कप विसळावा, आणि मग “जेवलो” ऐकू यावे! लेखकाने हा उशीर टाळला आणि हाती आलेला उत्तम प्रसंग घालवला.

शब्बाथच्या दिव्याचेही तसेच. नायक शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतो. कुठल्या शुक्रवारी? मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा, म्हणजे 36–37 दिवसांत तिथले पंचांग एका पूर्ण दिवसाने मागे पडते. त्याने सूर्यास्त मंगळाचा धरावा की आईच्या घरचा? आमच्या वडीलधाऱ्या वाचकांत यावर दोन तट पडतील. कथेत मात्र नायकाच्या मनात ही शंका डोकावतही नाही.

विज्ञान काटेकोर ठेवले तर गोष्ट कोरडी होते, असे लेखकाने पत्रात लिहिले आहे. त्यांनी जयंत नारळीकर वाचावेत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. नावाची आद्याक्षरे उलटी केलेली! परीक्षकांना त्यांचे मोठे नाव ठाऊक नसताना कथेला पहिले बक्षीस मिळाले. होनी हमअगेल सत्तर वर्षे झोपून उठतो, त्या गोष्टीत आपण कारण विचारत नाही; तो चमत्कार आहे. विज्ञानकथाकाराला मात्र काळ का मंदावला ते सांगावे लागते.

फोन आणि वादळ नव्याने लिहून कथा पुन्हा पाठवावी, आम्ही ती आनंदाने छापू. टोपणनाव चालेल.