आज्ञापत्र आणि ‘राज्यघटना’

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रास (इ. स. १७१५-१६) ‘मराठ्यांची राज्यघटना’ म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. १६२० सालीं मेफ्लॉवर जहाजावरील ४१ पुरुषांनीं, जेम्स राजाशीं निष्ठा ठेवूनही, परस्परांत करार करून आपली राजकीय मंडळी निर्मिली. १६३९ सालीं कनेक्टिकटच्या वसाहतवाल्यांनीं अधिकारी निवडण्याचे नियमच लिहून ठेविले. तेथें सत्ता करारांतून निघते. आज्ञापत्रांत ती ईश्वराच्या कृपेनें येते. प्रजापालन हें राजाचें कर्तव्य खरें, परंतु प्रजेनें मागावयाचा हक्क नव्हे.

मात्र आरमाराचें प्रकरण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बसून वाचावें. जहाजांस लांकूड हवें. पण आंबे-फणस रयतेनें लेंकरांसारखे वाढविलेले, त्यांस हात लावूं नये, अशी तेथें आज्ञा आहे. झाड जीर्ण झालें असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें. म्हणजे संमति येथेंही आहे, पण झाडापुरती! ‘घटना’वाद्यांनीं नेमकें हेंच स्थळ ओझरतें सोडावें, याचें नवल वाटतें.

ही आज्ञा चालली काय? ज्यांच्या संग्रहीं कोंकणची घरगुती दप्तरें आहेत त्यांनीं शोधावें. आरमारासाठीं नेलेल्या एका फणसाचें मोल धन्यास पोंचल्याची अस्सल नोंद सांपडली, तर त्या मोठ्या बिरुदाहून आम्ही ती अधिक मानूं.