टोपीची आतली बाजू

वस्त्रकलेवरील लेखनात ‘अलंकृत टोपी’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. आधी टोपी तयार झाली आणि मग तिच्यावर नक्षी चढली, असा क्रम त्यात गृहीत असतो. उझबेकिस्तानात, फरगाना खोऱ्यातील चुस्त या गावच्या ‘दोप्पी’ला हे गृहीतक लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

चुस्तच्या दोप्पीवर काळ्या कापडावर पांढरे भरतकाम असते. माथ्याच्या चार भागांत चार टोकदार, वळलेल्या आकृत्या असतात आणि काठावर चारही बाजूंना चार-चार, म्हणजे एकूण 16 कमानी. मिरचीमुळे दृष्ट लागत नाही, कमानी चारही दिशांनी राखण करतात, असे अर्थ सांगितले जातात आणि परिचयपर लेखन बहुधा तिथेच थांबते. पण त्याच आकृतीला कोणी ‘कलंपीर’ म्हणजे मिरची म्हणते, कोणी ‘बदाम’. आपल्याकडे तिचे नाते आंब्याच्या कोयीशी जोडून आपण तिला कोयरी म्हणतो. एका आकाराला तीन फळांची नावे मिळत असतील, तर केवळ प्रतीकांच्या कोशावर विसंबून ही टोपी समजणार नाही.

ती समजते शिवणीतून. अस्तर लावलेल्या कापडावर अगदी जवळजवळ समांतर टाके घालून बारीक नळ्यांसारख्या पोकळ्या तयार करतात. त्या प्रत्येक पोकळीत कागदाची किंवा कापसाची वळलेली वात सरकवतात. या कामाचे नाव ‘पिल्टादोजी’. पिल्टा म्हणजे वात. आपला ‘पलिता’ त्याच कुळातला. ‘दोजी’ तर जरदोजीमुळे आपल्या ओळखीचाच आहे. या वातींमुळे टोपीला ताठपणा येतो, तरीही ती घडी घालून खिशात ठेवता येते. टाके उसवले, तर हाती राहील ते लुळे कापड. इथे नक्षी आणि बांधणी वेगळी काढता येत नाही.

सगळीकडे असे नसते. बुखाऱ्याचे सोनेरी जरकाम, जे परंपरेने पुरुष करीत, ते खरोखरच कापडावर चढवलेले असते. तिथे ‘अलंकृत’ हा शब्द योग्य आहे. शहरिसब्झच्या ‘इराकी’ कामात टाके मूळ कापड पुरते झाकून टाकतात. टाका आणि कापड यांची ही तीन वेगळी नाती आपण एकाच विशेषणाखाली दडपतो.

यात केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. 1927 साली सोव्हिएत सत्तेने ‘हुजूम’ ही बुरखाविरोधी मोहीम सुरू केली. त्या काळात भरतकाम करणाऱ्या बायका सहकारी मंडळ्यांत मजुरीवर आल्या आणि पुढे दोप्पी राष्ट्रीय पोशाखाची खूण ठरली. टोपी प्रसिद्ध झाली. करणारी मात्र निनावीच राहिली. आज बाजारात यंत्रावर भरलेल्या स्वस्त दोप्प्याही मिळतात. त्यांत मिरची असते, कमानीही असतात, वाती मात्र बहुधा नसतात. नक्षी हीच परंपरा असे मानले, तर या टोपीत काही उणे आहे हे सांगायला आपल्याकडे शब्दच उरत नाही.

म्हणून संग्रहालयांनी टोपीच्या माथ्याबरोबर तिच्या अस्तराचेही छायाचित्र द्यावे आणि सूचीत ‘अलंकृत’च्या जागी शिवणीचा प्रकार लिहावा. भरणारीचे नाव आता कळणार नाही. निदान तिने काय केले, ते तरी नोंदले जाईल.