'क्वेस्ट'चा पैसा आणि 'क्वेस्ट'ची पाने

एखाद्या संस्थेला किंवा नियतकालिकाला पैसा कोण पुरवतो, हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. उत्तर मिळाले की तिथले लेखन वाचण्याची गरज उरली नाही, असेही आपण धरून चालतो. मुस्लिम लेखकाच्या वाट्याला तर हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. त्याने स्वसमाजाची चिकित्सा केली की आपलेच लोक म्हणतात, "याच्या मागे कोण आहे?" आणि बहुसंख्याकांच्या राजकारणावर लिहिले की बाहेरचे लोक तेच विचारतात. प्रश्न गैर नाही, पण तो विचारून झाल्यावर पुढे काय करायचे, हे आपल्या समीक्षेने कधी नीट ठरवलेले नाही. त्यासाठी 'क्वेस्ट' या इंग्रजी नियतकालिकाचे उदाहरण तपासण्यासारखे आहे.

जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही संस्था स्थापन झाली. साम्यवादाच्या विरोधात जगभरच्या लेखक-विचारवंतांना एकत्र आणणे हा तिचा हेतू होता. मार्च १९५१ मध्ये मुंबईत तिची परिषद भरली. ऑडेन, स्पेंडर हे कवी त्यासाठी आले होते. इथल्या शाखेमागे मिनू मसानी आणि जयप्रकाश नारायण होते. आपले प्रभाकर पाध्येही या संस्थेच्या कामात होते. १९५५ साली शाखेने 'क्वेस्ट' सुरू केले आणि निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक झाले.

एप्रिल १९६६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिले की या संस्थेला अमेरिकेच्या सी.आय.ए.कडून पैसा जातो. मे १९६७ पर्यंत ते उघडपणे मान्यही झाले. मधला वाहक होता फारफील्ड फाउंडेशन. त्याचे अध्यक्ष यीस्ट आणि जिनच्या धंद्यातले एक श्रीमंत वारसदार. कागदोपत्री दाता तेच होते.

याच एप्रिल १९६६ च्या १८ तारखेला हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सरकारच्या दारी नेला होता. पुढे १९६८ साली अ. भि. शहा यांनी इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापन केली, तेव्हा दलवाई त्यांच्याबरोबर होते. आणि शहा हे कल्चरल फ्रीडमच्या भारतीय समितीचे महत्त्वाचे कार्यकर्ते. एवढा धागा मिळाला की पुढची वाक्ये आपोआप तयार होतात. ती मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहेत. पण तोंडी तलाकाने रस्त्यावर आलेल्या बाईचे दुःख काही फारफील्ड फाउंडेशनने निर्माण केलेले नव्हते. दलवाईंशी मतभेद जरूर असावेत, माझेही आहेत. ते त्यांच्या पानांवर बोट ठेवून मांडावे लागतील.

आता दुसरी बाजू. १९५८ साली ताश्कंदला आफ्रो-आशियाई लेखकांची परिषद भरली. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेचे 'लोटस' हे त्रैमासिक पुढे बैरुतहून फैज अहमद फैज यांनी संपादित केले. सोव्हिएत रशिया, पूर्व जर्मनी आणि इजिप्त हे त्याचे पोशिंदे. १९६२ साली फैज यांना लेनिन शांतता पारितोषिक मिळाले. आम्ही उर्दू माध्यमाची माणसे फैज डोक्यावर घेतो, आणि 'लोटस'चा खर्च कुणी केला हे कुणी विचारत नाही. दलवाईंना लावलेली मोजपट्टी फैज यांच्यापाशी येताच घडी करून खिशात का जाते?

तरीही दोन्ही पैसे सारखे नाहीत. मॉस्कोचा पैसा मॉस्कोच्या नावाने येत होता. घेणाऱ्याला तो घ्यायचा की नाही हे ठरवता येत होते. फारफील्डच्या पैशाने लेखकाचा हाच हक्क हिरावून घेतला. इझिकेलना कविता लिहिताना कुणी दटावले नसेल, पण आपण कुणाच्या घरात बसून लिहितो आहोत हे त्यांना सांगितले गेले नव्हते. आम्ही स्वतंत्रपणे काम केले एवढे म्हणून भागणार नाही, अशी जयप्रकाशांची भूमिका होती, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

पैशाचा दाब पानावर कसा दिसतो? लंडनचे 'एन्काउंटर' हे याच संस्थेचे मासिक. १९५८ साली ड्वाइट मॅकडोनाल्ड यांचा अमेरिकेवर कडक टीका करणारा लेख त्यांनी परत केला. गंमत अशी, की तोच लेख याच संस्थेच्या इटालियन मासिकाने छापला. म्हणजे दाब होता, पण सगळीकडे सारखा नव्हता. म्हणून प्रत्येक अंक उघडूनच पाहावा लागतो.

'क्वेस्ट' उघडले की अबू सईद अय्यूब भेटतात. १९५८ पासून अम्लान दत्त यांच्याबरोबर ते संपादक होते. घर उर्दूभाषक, गाव कलकत्ता. उर्दू अनुवादातून 'गीतांजली' वाचली आणि रवींद्रनाथ मुळातून वाचता यावेत म्हणून ते बंगाली शिकले. त्याच शिकलेल्या भाषेत रवींद्रनाथांवर ग्रंथ लिहिला आणि १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. घरात एक भाषा आणि लेखणीत दुसरी असलेल्या आपल्यासारख्यांचा हा थोरला भाऊ आपल्या चर्चेत कुठेच नाही. नियतकालिकाचे परीक्षण विभाग सांभाळणाऱ्या लईक फतेहअलीही नाहीत. २०११ साली 'क्वेस्ट'मधील निवडक लेखनाचे पुस्तक निघाले, त्याच्या संपादकांत त्या होत्या.

माझा 'क्वेस्ट'वरचा आक्षेप वेगळा आहे. पैसा इंग्रजीवर खर्च झाला. त्याच काळात औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) 'वाचा' आणि 'अस्मितादर्श' ही मराठी नियतकालिके उभी राहिली, ती परदेशी फाउंडेशनशिवाय. पोशिंदा प्रत्येक वाक्य विकत घेत नाही. कोणत्या भाषेत बोलायचे आणि कोणाशी, हे मात्र तो आधीच ठरवून टाकतो.

याच शहरात याचे आणखी जुने उदाहरण आहे. १९१२ पासून मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू औरंगाबादेतून चालवली. निजाम सरकारची मदत होती आणि ती जाहीर होती. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक आणि १९३७ साली मोठा इंग्रजी-उर्दू कोश हे त्याचे फळ. मराठीवर फारसीचा झालेला परिणाम सांगणारे पुस्तकही अब्दुल हक यांनी लिहिले. पण त्याच राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला उच्च शिक्षण आपल्या भाषेत मिळत नव्हते, उस्मानियाची भाषा उर्दू होती. मी उर्दू शिकवतो, त्या कोशाचा ऋणी आहे, आणि तरीही हे नोंदवले पाहिजे असे मला वाटते.

अय्यूब यांचा रवींद्रनाथांवरचा ग्रंथ मराठीत माझ्या पाहण्यात नाही. तो आणायचा तर अनुवादकाला मानधन, छपाई, कागद, सगळ्याला पैसा लागेल, आणि तो कुणीतरी द्यावा लागेल. साखर कारखाना देवो, बँक देवो, एखादा आमदार देवो, परदेशातली संस्था देवो. देणाऱ्याचे नाव आणि रक्कम पहिल्याच पानावर, लेखकाच्या नावाखाली छापावी.